क्लचप्लेटा घरीच बदलल्या: सात महिन्यांनंतरचा अनुभव

जूनमध्ये बीडहून सोयाबीनच्या बियाण्याच्या दोन पिशव्या घेऊन केजला येत होतो. मांजरसुंब्याच्या घाटात मोटरसायकल चढेना. ॲक्सिलेटर पिळला की इंजिन नुसतं ओरडायचं, चाक ओढायचं नाही. एक पिशवी वाटेतल्या हॉटेलात ठेवली अन् पहिल्या-दुसऱ्या गिअरवर कसंबसं घर गाठलं.

इंजिनाचा जोर चाकाकडं नेणाऱ्या क्लचच्या प्लेटा दोन वर्षांपूर्वी ज्या गॅरेजात टाकल्या होत्या, तिथंच गाडी नेली. तिथला मेकॅनिक म्हणाला, क्लचची पूर्ण असेंब्ली बदलावी लागेल, 3,800 रुपये. नुसत्या प्लेटा टाकायला तयार होईना. घरी करतो म्हटलं, तर म्हणाला, "काका, मधल्या नटाला कंपनीचं टूल लागतं. घरी खोलाल अन् पोत्यात भरून आणाल." ऐन पेरणीत त्या पैशात डीएपी खताच्या दोन बॅगा येऊन वर पैसे उरतात. गाडी परत आणली.

माझ्या 125 सीसीच्या गाडीत क्लचचा मधला नट काढल्याशिवाय प्लेटा निघत नाहीत. काही गाड्यांत स्प्रिंगांचे बोल्ट काढले की प्लेटा हातात येतात, त्यांचं काम निम्म्यानं सोपं. ऑइल काढलं, किक, फूटरेस्ट, केबल सोडवली. झाकणाचे बोल्ट कमी-जास्त लांबीचे असतात, म्हणून पुठ्ठ्यावर झाकणाचं चित्र काढून जो तो बोल्ट आपापल्या जागी खोचला. झाकण उघडलं, स्प्रिंगा काढल्या आणि तो नट दिसला.

चार खाचांचा गोल नट. त्यातल्या तीन खाचांच्या कडा छन्नीनं ठेचलेल्या. गाडी तिथल्याशिवाय कुठंच खोललेली नाही. म्हणजे ज्या टूलचं नाव सांगून मला परत पाठवलं, ते टूल तिथंही नव्हतं. मला 3,800 पेक्षा याचा जास्त राग आला. छन्नीचा प्रत्येक घाव मागच्या बेअरिंगला बसतो, लोखंडाचा कीस ऑइलमध्ये उतरतो. आणि त्याचे पैसे मी दिलेले.

मग पानाच बनवून घेतला. वहीचा कागद नटावर धरून वरून पेन्सिल घासली, खाचा जशाच्या तशा उमटल्या. गल्लीतल्या वेल्डिंगवाल्या दादांनी एका घासलेल्या गोटी पान्याचं तोंड ग्राइंडरनं कापून चार दात ठेवले. 80 रुपये. हब, म्हणजे प्लेटा ज्यावर बसतात तो मधला भाग, फिरू नये म्हणून गाडी टॉप गिअरमध्ये टाकली आणि पोराला मागचा ब्रेक दाबून धरायला सांगितलं. दुसऱ्या हिसक्याला नट सुटला. एवढंच काम होतं ते.

जुन्या स्टीलप्लेटांपैकी दोन निळ्या पडलेल्या, आरशावर ठेवल्या तर डुगडुगत होत्या. प्लेटांचा सगळा संच नवा घेतला, रात्रभर ऑइलमध्ये भिजवला. स्प्रिंगा मात्र जुन्याच ठेवल्या. ऑइलच्या डब्यावर 'जासो एमए' (ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचला चालणाऱ्या ऑइलची खूण) आहे का, हे बघूनच घ्या. कारचं ऑइल ओतलं तर नव्या प्लेटाही घसरू शकतात. नटही नवाच टाकला. वॉशरवर 'आउटसाइड' कोरलेलं होतं, ती बाजू बाहेर ठेवली. आवळण्याचा जोर मोजणारा पाना, म्हणजे टॉर्क रेंच, नसल्यानं नट किती आवळला याची मनात धाकधूक होती, म्हणून नट सरकला तर कळावं यासाठी नटावर अन् हबवर मिळून नेलपॉलिशची एक लाल रेघ ओढली. प्लेटा, गास्केट (झाकणाच्या सांध्यातून तेल गळू नये म्हणून बसवायची पट्टी), ऑइल, नट, पाना धरून खर्च 1,330.

ऑगस्टपर्यंत मी भेटेल त्याला सांगत होतो, स्प्रिंगा बदलू नका, 120 रुपये वाचवा. ते शब्द मागं घेतो. ऑक्टोबरात सोयाबीनची पोती टाकून निघालो की चढाला गाडी परत घसरायला लागली. केबलला ढील बरोबर होती. पुन्हा खोलली. नवी स्प्रिंग शेजारी ठेवली, तर जुनी जवळपास दोन मिलिमीटरनं बुटकी. 120 वाचवायच्या नादात गास्केट गेलं अन् अर्धा दिवस गेला. लाल रेघ मात्र तसूभर हलली नव्हती. ते बघून जो आनंद झाला, तो घरच्यांना समजावून सांगता आला नाही.

त्या दुसऱ्या खेपेला जुनं गास्केट खरवडताना घाई झाली. खालच्या बोल्टापाशी अजून तेल पाझरतं, आठवड्याला एखादा थेंब. नवं गास्केट आणून ठेवलंय, पुढच्या ऑइलला बदलीन.

येळवसेला, म्हणजे वेळा अमावस्येला, लातूरकडं बहिणीच्या शेतात गेलो, मागं ही अन् पोरगा, वर डब्यांचं ओझं. एकदाही घसरली नाही.

पाना सध्या चुलतभावाकडं आहे. परवा त्याच्या गाडीचं झाकण उघडलं. गॅरेज वेगळं, गाव वेगळं, पण नटाच्या खाचा तशाच ठेचलेल्या. त्याला म्हटलं, आधी नवा नट आण, मग पाना लावू.