सरकता पट्टा की धक्क्याभोवतीचा?

द्रवरूप नैसर्गिक वायू जहाजात उणे 162 अंश सेल्सिअसला असतो. सांडला की उकळतो आणि सुमारे 600 पट फुगतो. हवेत त्याचं प्रमाण 5 ते 15 टक्के असेल तेव्हाच पेटतो. म्हणून दुसऱ्या जहाजाची धडक टाळायची आणि ठिणगी लांब ठेवायची. त्यासाठी सुरक्षा पट्टा आखतात, म्हणजे परवानगीशिवाय इतरांनी येऊ नये असं पाणी. तो दोन तऱ्हांचा: सरकता आणि धक्क्याभोवतीचा स्थिर.

सरकता पट्टा जहाजाबरोबर चालतो. अमेरिकेतल्या बोस्टन बंदरात तो पुढे 2 मैल, मागे 1 मैल आणि दोन्ही बाजूंना 500 यार्ड. पुढे जास्त का? भरलेलं जहाज ब्रेक मारून थांबत नाही. समोरचा रस्ता आधीच मोकळा लागतो. तिथे जहाज टोबिन पुलाखालून जाताना वरची वाहतूकही थांबवत आले आहेत. मच्छीमार, फेरी, जहाजाला वाट दाखवणारे पायलट, जहाज ओढणाऱ्या टग बोटी, सगळ्यांचं वेळापत्रक त्या एका जहाजाभोवती फिरतं.

धक्क्याभोवतीचा पट्टा सुटसुटीत. नकाशावर आखला, बोया (तरंगत्या खुणा) टाकले, झालं. जहाज उभं असतं, पण नळजोडणीतून वायू वाहत असतो. गळतीची शक्यता इथेच जास्त. जवळून वेगात गेलेल्या जहाजाच्या लाटेनेही दोरखंड ताणले जातात आणि जोडणीवर ताण येतो.

गर्दीच्या, अरुंद खाडीत मला सरकता पट्टाच महत्त्वाचा वाटतो, महाग पडला तरी. धक्का मुख्य मार्गापासून आत वळवून बांधलेला असेल, तर स्थिर पट्ट्याचा जाच फारसा कुणाला होत नाही. मार्गालगतच असेल, तर मात्र रोजची कटकट.