पिकअपच्या मागच्या पाट्यांना आधार: जादा पाटा, रबर की हवा?

आंब्याचे दोन-अडीच महिने, आणि घर काढलं असेल तर चिऱ्याच्या काही खेपा. जड काम एवढंच. बाकी वर्षभर हौद्यात खताची दोन पोती नाहीतर गवताचे भारे. अशी पिकअप मागून बसते, म्हणजे भार झेलणारे कमानदार पोलादी पाटे दबून मागची बाजू खाली जाते, म्हणून गॅरेजात नेली की ठरलेला सल्ला मिळतो: ‘दोन्ही बाजूंना एकेक पाटा वाढवा.’ रोज माल वाहणाऱ्या गाडीला तो चालतो. अधूनमधून भरल्या जाणाऱ्या गाडीला बहुतेक वेळा चालत नाही.

काहीही विकत घेण्याआधी टेप घ्या. सपाट जागी, रिकाम्या गाडीचं, मागच्या चाकाच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंना मोजा. मग नेहमीचा माल भरून पुन्हा मोजा. रिकामी असतानाच एक बाजू सेंटिमीटरभराहून जास्त खाली असेल तर त्या बाजूचा पाटा तुटलाय, नाहीतर बुश (सांध्यातलं रबर) किंवा शॅकल (पाट्याचं टोक चेसीला जोडणारी झुलती कडी) गेलंय. रिकाम्या गाडीची कमानच सपाट दिसत असेल तर पाटे थकलेत. थकलेल्या पाट्यांवर कुठलाही आधार लावणं म्हणजे वाळवी लागलेल्या वाशाला टेकू देणं. पाटे नुसते ठोकून कमान आणून देणारे भेटतात, पण तापवून नीट पाणी दिल्याशिवाय, म्हणजे लाल करून झटकन थंड केल्याशिवाय, ती कमान टिकत नाही. त्यापेक्षा नवे पाटे घातलेले बरे.

वजनाचा हिशोबही आधीच करावा. आरसीवर गाडीचं मालासह चालणारं एकूण वजन आणि रिकामं वजन दोन्ही छापलेलं असतं. वजाबाकी करा, त्यातून केबिनमधली माणसं वगळा. उरेल तेवढाच माल. १४×९×७ इंचांचा जांभा चिरा साधारण ३० किलोचा धरा, भिजलेला त्याहून जड. म्हणजे ५० चिऱ्यांचा दीड टन झाला आणि १.३ टनवाली पिकअप ४३ चिऱ्यांतच भरली. आधार लावल्याने हा आकडा एका किलोनेही वाढत नाही. ॲक्सल, बेअरिंग, ब्रेक, टायर सगळे जुनेच राहतात. टायरच्या कडेवरचा भारांक वाचा: १०४ म्हणजे एका टायरवर ९०० किलो, १०९ म्हणजे १०३० किलो, आणि त्यात गाडीचं स्वतःचं मागचं वजनही आलं. जास्त माल सापडला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ खाली २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड आहे. तिथे गाडी मागून सरळ उभी आहे का, हे कोणी बघत नाही, काटा बघतात.

आता एकेक प्रकार.

जादा पाटा सगळ्यात स्वस्त, आणि कुठल्याही कमानपाटेवाल्याकडे होतो. पण तो चोवीस तास काम करतो. रिकामी गाडी खड्ड्यातून उडते, ओल्या रस्त्यावर वळणात मागचं चाक जमीन सोडतं. मुंबई-गोवा महामार्गाचं पावसाळ्यातलं रूप ज्यांनी पाहिलंय त्यांना जास्त सांगायला नको. बोलेरोसारख्या पिकअपचे पाटे कंपनीकडूनच कडक येतात, त्यात आणखी एक म्हणजे बैलगाडी. तरीही घालायचाच असेल तर नव्या पाट्याची कमान खालच्या-वरच्या पाट्यांपेक्षा थोडी जास्त हवी, नाहीतर तो नुसता जाडी वाढवतो. पाटा ८ मिलिमीटरचा असेल तर यू बोल्ट (पाटे ॲक्सलला आवळून धरणारे) आणि सेंटर बोल्टही (सगळ्या पाट्यांच्या मधून जाणारा) तेवढे लांब घ्यावे लागतात. नटाच्या वर दोन-तीन आटे दिसलेच पाहिजेत. जुने यू बोल्ट परत वापरू नका, ते एकदा ताणले गेले की पुन्हा तशी पकड देत नाहीत. पाटे बहुतेक वेळा सेंटर बोल्टच्या भोकाशी तुटतात आणि दोष लोखंडाला दिला जातो. खरं कारण असतं सैल यू बोल्ट. आणि पाट्याला वेल्डिंग कधीच नाही. पाणी उतरलेला पाटा नेमका भरल्या गाडीत, घाटात जातो.

रबराचा आधार बंप स्टॉपच्या जागी बसतो, म्हणजे ॲक्सल वर येऊन चेसीला आदळू नये म्हणून कंपनीने लावलेल्या ठोकळ्याच्या जागी. टिम्ब्रेन कंपनीचा पोकळ रबराचा असतो, सुमोस्प्रिंग्ज या ब्रँडचा बारीक छिद्रांच्या पॉलियुरेथेनचा. तत्त्व एकच: रिकाम्या गाडीत रबर आणि ॲक्सल यांच्यात अर्धा ते एक इंच फट ठेवायची. माल चढला की फट मिटते आणि रबर जितकं दाबलं जाईल तितकं कडक होत जातं. रिकाम्या गाडीची चाल जवळपास होती तशीच. हवा नाही, नळी नाही, गंजण्यासारखं फार काही नाही. खारी हवा आणि चार महिने पाऊस असलेल्या किनाऱ्यावर वर्षातून मोजके दिवस भरल्या जाणाऱ्या गाडीसाठी आमची पसंती यालाच. उणीव एवढीच की उंची कमीजास्त करता येत नाही, आणि ब्रॅकेट गाडीच्या मापाचं लागतं. डी-मॅक्स, हायलक्स या जगभर विकल्या जाणाऱ्या गाड्यांच्या मापाचे संच बनतात. इतर गाड्यांना बंप स्टॉपच्या बोल्टचं अंतर आणि वरची-खालची उंची मोजूनच मागवा. फट न ठेवता बसवलं तर मात्र जादा पाट्यासारखेच दणके बसतात.

हवेच्या पिशव्या, म्हणजे फायरस्टोनची राइड-राइट किंवा एअर लिफ्टची लोडलिफ्टर ५०००, दिसायला सगळ्यात देखण्या. ५ ते १०० पीएसआयमध्ये हवी तेवढी हवा भरा, माल उतरला की सोडा. आज ३०० किलो, उद्या हजार, असा बदलता भार असेल तर यांना तोड नाही. पण रोज लक्ष लागतं. रिकामी गाडी शून्य हवेवर पळवली की पिशवी चिमटते आणि घडीवर भोक पडतं. किमान ५ पीएसआय ठेवायचीच. दोन्ही पिशव्या एकाच नळीला जोडायचा मोह आवरा. घाटाच्या वळणात बाहेरच्या बाजूची हवा दाबाने आतल्या पिशवीत जाते आणि गाडी आणखीच कलते. दोन नळ्या, दोन व्हॉल्व्ह. सायलेन्सरचा पाइप जवळून जात असेल तर मध्ये पत्रा हवा. चिऱ्याच्या खाणीतली लाल कच पिशवीच्या घडीत बसून कानशीसारखी घासते, म्हणून तिथून आल्यावर पाण्याचा फवारा मारायचा. हवा उतरते असं वाटलं तर जोडांना साबणाचं पाणी लावा, बुडबुडे दिसतील.

कॉइल स्प्रिंगच्या वेढ्यांत अडकवायचे रबरी बफर पाट्यांच्या पिकअपला लागतच नाहीत. दुकानदाराने दाखवले तरी सोडून द्या.

बसवताना सगळ्यात जास्त दुर्लक्षित होणारी गोष्ट ब्रेकची. अनेक पिकअपमध्ये मागच्या ॲक्सलपासून चेसीकडे जाणारी एक दांडी असते, तिच्यावर लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह चालतो. मागची बाजू बसली की त्याला कळतं माल आहे, आणि तो मागच्या ब्रेकला जास्त दाब देतो. आधार लावून गाडी उचलून धरली की व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामी आहे. मागचे ब्रेक कमी लागतात, आंबा किंवा करूळ घाट उतरताना सगळा भार पुढच्या ब्रेकवर येतो, ते तापतात आणि पेडल खोल जातं. म्हणून भरलेली गाडी रिकामीइतकी सपाट दिसावी हा हट्ट नको. एक-दीड इंच बसू दे. त्याहून उचलायची असेल तर व्हॉल्व्हची दांडी कंपनीच्या मापाने पुन्हा लावून घ्या, अंदाजाने वाकवून नव्हे.

माल कुठे ठेवता यालाही महत्त्व आहे. फाळक्याकडे होडीचं इंजिन किंवा बर्फाच्या पेट्या रचल्या की पुढची चाकं हलकी होतात. आधार लावल्यावर गाडी सरळ दिसते, पण पुढच्या चाकांवरचं वजन परत येत नाही आणि स्टिअरिंग हलकंच राहतं. जड माल केबिनला टेकवून, ॲक्सलच्या पुढे. आणि शॉक ॲब्झॉर्बरला तेल सुटलं असेल तर तेही बदला. आधार गाडी उचलतो, तिचं डुलणं थांबवत नाही.

पाटा घातला असेल तर पहिल्या ५०० किलोमीटरनंतर यू बोल्ट टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोराने आवळणाऱ्या पान्याने), कंपनीच्या आकड्यावर पुन्हा आवळा. रबर असेल तर त्याच सुमारास फट मोजा. मिरकरवाडा किंवा हर्णैहून मासे आणले असतील तर बर्फाचं खारं पाणी हौद्यातून गळून पाट्यांच्या मध्ये जातं, गंजाने खड्डे पडतात आणि तडा तिथूनच सुरू होतो. त्याच संध्याकाळी खालून गोड्या पाण्याने धुवा, सुकल्यावर पाट्यांच्या फटीत ग्रॅफाइट ग्रीस भरा. ते रबराला आणि बुशांना मात्र लागू देऊ नका.