जुन्या टीव्हीची मेमरी आयसी उडाली: कोरी, भरलेली, स्वतः लिहिलेली की थेट किट?

पिक्चर ट्यूबच्या कलर टीव्हीत, सगळा संच चालवणाऱ्या मायक्रोकंट्रोलरच्या (मायक्रोच्या) शेजारी, आठ पायांची एक मेमरी आयसी असते. नंबर बहुधा २४सी०२, २४सी०४, २४सी०८ किंवा २४सी१६. चॅनेल, आवाज, रंग हे सगळं ती लक्षात ठेवतेच. त्याशिवाय चित्राची उंची-रुंदी, तिन्ही गनचे ड्राइव्ह आणि कटऑफ (लाल-हिरवा-निळा यांचं प्रमाण ठरवणारे आकडे), ट्यूनरचा एजीसी (सिग्नलची पातळी सांभाळणारी सेटिंग) आणि या संचात कोणता ट्यूनर, कोणती साउंड आयसी बसवली आहे हे मायक्रोला सांगणारे ऑप्शन बाईटही तिच्यातच असतात. यातले बरेच आकडे कारखान्यात त्या एका ट्यूबसमोर बसून ठरवलेले असतात. त्यामुळे नवी आयसी लावली की काम संपलं, असं इथे होत नाही.

वाटा चार आहेत: कोरी आयसी लावून सर्व्हिस मोडमधून (मेकॅनिकसाठीच्या लपलेल्या मेनूतून) सगळं बसवणं, बाजारातून डेटा भरलेली आयसी आणणं, प्रोग्रामर (आयसी वाचायचं-लिहायचं यंत्र) घेऊन स्वतः डेटा लिहिणं किंवा जुना बोर्ड काढून युनिव्हर्सल किट (अनेक संचांत बसणारा तयार बोर्ड) टाकणं. जुन्या आयसीतला डेटा थोडाफार जरी वाचता येत असला, तर प्रोग्रामरची वाट बाकी तिन्हींपेक्षा सरस. तो वाचता येत नसेल, तेव्हाच बाकीच्यांत खरी निवड करावी लागते.

आधी मेमरीच गेली आहे ना?

चॅनेल सेव्ह होत नाहीत. बंद करून सुरू केलं की आवाज पुन्हा जुन्याच पातळीवर. एव्ही (पिना लावून दिलेलं चित्र) चालतं, पण आरएफवर (अँटेना-केबलच्या तारेवर) एकही चॅनेल सापडत नाही. चित्र वर-खाली आक्रसलेलं आहे, चाइल्ड लॉक किंवा हॉटेल लॉक आपोआप लागलाय, किंवा एलईडी लुकलुकते आणि संच स्टँडबायमधून उठतच नाही. ही सगळी मेमरीची लक्षणं. पण मधोमध एकच चमकदार आडवी रेघ दिसली तर व्हर्टिकल सेक्शन (चित्र वर-खाली ताणणारं सर्किट) बघा. काही संचांत व्हर्टिकल बंद पडलं की जंगल आयसी (चित्राचे सिग्नल हाताळणारी मुख्य आयसी) पडदाच काळा करते. अशा वेळी फ्लायबॅकवरचा (ट्यूबला हाय व्होल्टेज देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवरचा) स्क्रीनचा पॉट किंचित वाढवला की ती रेघ उघडी पडते. पॉटची मूळ जागा मार्करने आधी खूण करून ठेवा.

मग बी प्लस, म्हणजे होरिझॉन्टल सेक्शनला जाणारा मुख्य डीसी सप्लाय, मोजा. १४ आणि २१ इंची संचांत ते साधारण ११० ते १३५ व्होल्टच्या दरम्यान असतं आणि नेमका आकडा बहुधा बोर्डवर छापलेला असतो. बी प्लस चुकीचं असताना सर्व्हिस मोडमध्ये उंची-रुंदी जुळवणं म्हणजे पॉवर सप्लायचा दोष झाकणं. मोजताना मीटरची काळी वायर ट्यूनरच्या पत्र्याला लावा, प्रायमरीच्या (थेट मेन्सशी जोडलेल्या बाजूच्या) ग्राउंडला नाही. मुख्य कपॅसिटरवर ३०० व्होल्टपेक्षा जास्त असतात आणि संच बंद केल्यावरही काही वेळ टिकतात.

आता आयसीचे पाय. ८ नंबरवर ५ व्होल्ट (नंतरच्या काही संचांत ३.३), ४ नंबर ग्राउंड, ५ डेटा, ६ क्लॉक. डेटा आणि क्लॉक निवांत असताना सप्लायच्या जवळ असायला हवेत आणि बटण दाबलं की काटा किंवा आकडा हलायला हवा. एखादी लाईन शून्यावर किंवा मधेच कुठेतरी अडकली असेल तर ४.७ किंवा १० किलोओहमचा पुल-अप रेझिस्टर (लाईन सप्लायकडे वर धरणारा) तपासा. तो ठीक असेल तर मेमरी काढा. लाईन वर आली तर दोष मेमरीचाच. वर आली नाही तर त्याच बसवरचा (डेटा-क्लॉकच्या जोडीवरचा) ट्यूनर, साउंड आयसी एकेक करून सोडवा. ट्यूनर बस खाली खेचून धरतो आणि बिचारी मेमरी बदलली जाते, असं फार वेळा होतं.

कोरी आयसी: स्वस्त, पण संचावर अवलंबून

कोरी २४सी०८ किंवा २४सी१६ अगदी किरकोळ किमतीत मिळते. पुण्यात बुधवार पेठेत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर ती मिळणं कठीण नाही. ही वाट चालेल की नाही हे मायक्रोवर ठरतं. काही मायक्रो सुरू होताना मेमरीतले ठरावीक बाईट तपासतात. तिथे सगळीकडे एफएफ (कोऱ्या बाईटचा आकडा) दिसलं की स्वतःच्या रॉममधली डीफॉल्ट मूल्यं उतरवून घेतात. अशा संचाला पहिल्यांदा उठायला काही सेकंद जास्त लागतात, घाईने बंद करू नका. बाकीचे मायक्रो एफएफलाच खरा आकडा समजतात. तिथे चित्र भलतंच येतं किंवा संच प्रोटेक्शनमध्ये जातो.

डीफॉल्ट उतरली तरी काम उरतंच. ऑप्शन बाईट चुकीचे असतात, आयएफ (ट्यूनरमधून निघणाऱ्या सिग्नलची फ्रिक्वेन्सी) आणि साउंड सिस्टीम दुसऱ्या देशाची असू शकते. आपल्याकडे पाल-बी/जी, म्हणजे चित्राचा आयएफ ३८.९ मेगाहर्ट्झ आणि आवाज ५.५ मेगाहर्ट्झवर. हे चुकलं तर आरएफवर निळा पडदा किंवा आवाजाऐवजी खरखर. सेट टॉप बॉक्स एव्हीला जोडणाऱ्या गिऱ्हाईकाला आयएफ आणि एजीसीने फारसा फरक पडत नाही, तिथे वेळ घालवू नका. व्हाइट बॅलन्स (पांढऱ्यात रंगाची छटा न येणं) आणि भूमिती (चित्राचा आकार) मात्र डोळ्यांसमोर बसूनच जुळवावी लागते. जुने गेम खेळायला संच घेतला असेल तर ५० आणि ६० हर्ट्झची उंची बऱ्याच संचांत वेगवेगळी साठवलेली असते. एकच जुळवून सोडलं तर दुसऱ्यावर चित्र कापलं जातं.

सर्व्हिस मोडसाठी त्या कंपनीचा मूळ रिमोट लागतो, बाजारू रिमोटवर हवी ती बटणं नसतात. बऱ्याच सॅमसंग संचांत स्टँडबायमधून इन्फो, मेनू, म्यूट, पॉवर असा क्रम असतो. सोनी ट्रिनिट्रॉनला स्टँडबायमधून डिस्प्ले, ५, व्हॉल्यूम प्लस, पॉवर. फिलिप्सच्या एल०१ चॅसीला (चॅसी म्हणजे आतल्या बोर्डाचं डिझाइन) ०६२५९६ आणि लगेच ओएसडीचं (पडद्यावर माहिती दाखवणारं) बटण. बटणांमध्ये रेंगाळलात तर संच ऐकत नाही. सोनीत आकडा बदलून थांबलात तर तो टिकत नाही, लिहिण्याचा क्रम वेगळा दाबावा लागतो. चॅसीचं मॅन्युअल हाताशी नसेल तर कोऱ्या आयसीच्या नादी लागू नये.

भरलेली आयसी: घाईचा उपाय

संच उठतच नाही, डीफॉल्ट घेत नाही आणि प्रोग्रामर नाही, तेव्हा ही कामाची. दुकानदाराला नुसतं मॉडेल सांगून भागत नाही. एकाच मॉडेलच्या नावाखाली दोन वेगळी चॅसी निघालेली असतात. बोर्डवरचा चॅसी नंबर आणि मायक्रोवरचा पूर्ण नंबर, शेवटच्या अक्षरांसकट, जुळला पाहिजे. ती शेवटची अक्षरं आतल्या सॉफ्टवेअरची असतात. ती बदलली की त्याच पत्त्यावरच्या बाईटचा अर्थही बदलू शकतो, म्हणजे तुमच्या उंचीच्या जागी त्याचा कटऑफ.

नंबर जुळला तरी आत दुसऱ्या ट्यूबचे आकडे असतात. संच उठेल, पण चेहरे गुलाबी किंवा हिरवट दिसतील, म्हणून व्हाइट बॅलन्स इथेही करावाच लागतो. वेळेचा हिशेब केला तर कोऱ्या आयसीपेक्षा वाचतो तो फक्त ऑप्शन बाईटचा भाग.

स्वतः प्रोग्रामर घ्यावा का?

महिन्याला एखादा जरी असा संच हातात येत असेल तर घ्यावा. सीएच३४१ए पाचशे रुपयांच्या आत मिळतो आणि निओप्रोग्रामर किंवा एएसप्रोग्रामर ही सॉफ्टवेअर फुकट आहेत. त्याच्या सॉकेटमध्ये २४ मालिकेची जागा एका अर्ध्यात आणि २५ मालिकेची दुसऱ्या अर्ध्यात असते, बोर्डवरची छपाई बघून लावा. २४ मालिकेला ५ व्होल्ट चालतात. याच प्रोग्रामरवर पुढे एलसीडी टीव्हीची २५ मालिकेची फ्लॅश वाचणार असाल तर डेटा लाईनवर ५ व्होल्ट येत नाहीत ना, ते आधी तपासा. ती आयसी ३.३ व्होल्टची असते.

बोर्डवरच चिमटा लावून वाचायचा मोह टाळा. प्रोग्रामरचे ५ व्होल्ट आयसीच्या पायातून सगळ्या बोर्डभर पसरतात, मायक्रो अर्धवट जागा होतो आणि त्याच बसवर बोलू लागतो. वाचलेली फाईल दर वेळी वेगळी येते. पंपाने टिन ओढून आयसी बाहेर काढा, जागेवर आठ पायांचा आयसी बेस बसवा. पुढची प्रत्येक चाचणी सोपी होते.

पाय ब्लेडने हलके घासा, अचूक नंबर निवडा आणि तीन वेळा वाचून तिन्ही फाईली सेव्ह करा. तिन्ही सारख्या असतील तर आयसी धड आहे आणि आतला डेटा बिघडला आहे. वेगवेगळ्या असतील तर आयसी मरायला टेकली आहे. अजून काही वेळा वाचा आणि प्रत्येक जागेवर जो बाईट बहुतेक वेळा आला तो धरा. सगळं एफएफ दिसलं तर आधी संपर्काचा संशय घ्या, मग आयसीचा.

आता त्याच चॅसीची चांगली फाईल शेजारी उघडा. चॅनेलचा तक्ता सहज ओळखू येतो, तिथे ठरावीक अंतराने तेच आकडे पुन्हा येतात. बिघाड बहुधा इथे किंवा आवाज-लॉकच्या भागात असतो, कारण लिहिणं तिथेच सतत चालू असतं. भूमिती आणि व्हाइट बॅलन्सचे बाईट क्वचितच लिहिले जातात, म्हणून ते अनेकदा शाबूत सापडतात. चांगली फाईल पाया धरायची आणि शाबूत बाईट जुन्या फाईलमधून उचलायचे. काही मायक्रो चेकसम (बाईटच्या पडताळणीची बेरीज) ठेवतात आणि हाताने बदललेली फाईल नाकारतात. अशा वेळी चांगली फाईल जशीच्या तशी लिहून जुने आकडे सर्व्हिस मोडमधून भरावेत. म्हणूनच संच निदान सुरू होत असेल तर काहीही हात लावण्याआधी सर्व्हिस मोडची सगळी पानं मोबाईलवर टिपून ठेवा. लिहिल्यावर व्हेरिफाय (लिहिलेलं परत वाचून ताडणं) चुकवू नका.

नवी आयसी त्याच क्षमतेची घ्या. २४सी१६ च्या जागी २४सी३२ चालत नाही, तिला दोन बाईटचा पत्ता लागतो. ९३सी४६ ही तर वेगळ्याच जातीची, पायसुद्धा जुळत नाहीत. जुन्या संचातल्या पीसीएफ८५८२ ऐवजी २४सी०२ चालते, पण ७ नंबरचा पाय बघा. जुन्या आयसीत त्याचं काम वेगळं होतं, नव्या आयसीत तो लिहिण्याला कुलूप घालतो. बोर्डवर तो ५ व्होल्टला जोडलेला असेल तर टीव्ही चालेल पण काहीच सेव्ह होणार नाही, आणि तुम्ही नवी आयसी खराब म्हणून परत द्यायला जाल. तो पाय ग्राउंडला घ्या.

किट कधी?

मायक्रो किंवा जंगल आयसी गेली असेल, फ्लायबॅक मिळत नसेल आणि ट्यूब अजून उजेड देत असेल, तरच. निव्वळ मेमरीसाठी किट टाकणं मला पटत नाही. ट्यूबचा बेस बारीक मानेचा की जाड, हीटर ६.३ व्होल्टचा आहे का, योकचे (ट्यूबच्या मानेवरच्या कॉइलचे) आकडे किटशी जुळतात का, हे आधी बघावं लागतं. योक जुळला नाही तर रुंदी बसत नाही आणि होरिझॉन्टल आउटपुट ट्रान्झिस्टर तापून उडतो. पहिल्यांदा ६० किंवा १०० वॅटचा बल्ब सिरीजमध्ये लावूनच सुरू करा. २९ इंची फ्लॅट संचांना कडांचा बाक काढणारं ईस्ट-वेस्ट सर्किट लागतं, साध्या किटमध्ये ते नसतं. ट्रिनिट्रॉनला तर किट लावूच नये.

आयसी बदलली, पुन्हा उडाली

कुठलीही वाट घेतली तरी मेमरी का बिघडली हे शोधलं नाही तर संच परत येतो. एक बाईट लिहायला ५ ते १० मिलिसेकंद लागतात. तेवढ्यात ५ व्होल्ट डगमगले की मायक्रो भरकटतो आणि मेमरीत कचरा लिहितो. ५ व्होल्टच्या लाईनवरचे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वाळलेले असतात, मीटर एसीवर ठेवून रिपल (डीसीवरची लहर) बघा. ते ५० मिलिव्होल्टच्या वर असेल तर कपॅसिटर बदला, रीसेट आयसीही तपासा आणि स्टँडबाय ट्रान्सफॉर्मरचे पाय नव्याने सोल्डर करा. ट्यूबच्या काळ्या लेपावरून येणारी उघडी विणलेली तार नेक बोर्डला (ट्यूबच्या मानेवरच्या छोट्या बोर्डला) नीट जोडली आहे का, तेही बघा. आधीच्या मेकॅनिकने बोर्ड परत लावताना ती पिन तशीच लोंबत ठेवली असेल, तर ट्यूबमधल्या प्रत्येक ठिणगीचा करंट बोर्डवरून वाट काढतो आणि ५ व्होल्टच्या आयसीत सर्वांत आधी दगावणाऱ्यांपैकी एक ही मेमरीच असते.