पॅरिस आधीपासूनच होतं: 'युरो ट्रक'चे नकाशे, नऊ महिन्यांनंतर

पहिला नकाशा मी पॅरिससाठी घेतला. दिवाळीच्या सुट्टीत 'युरो ट्रक सिम्युलेटर २' हा युरोपभर ट्रकने माल पोचवायचा कॉम्प्युटरवरचा खेळ सुरू केला होता, महिनाभर जर्मनी आणि इंग्लंडमध्ये घिरट्या घातल्या आणि मग वाटलं, आता पॅरिसला जाऊ. मूळ खेळाला जोडायचा, वेगळा विकत मिळणारा फ्रान्सचा नकाशा 'व्हिव्ह ला फ्रान्स' घेतला, डाउनलोड होईपर्यंत जेवून आलो, माल उचलला आणि वाटेत नकाशा मोठा करून बघितला तेव्हा कळलं की पॅरिस मूळ खेळातच होतं. कॅले, लील, रीम्स, स्ट्रासबर्ग, लिओं ही सगळीच आधीपासून होती. विकतच्या भागात येतो तो फ्रान्सचा पश्चिम आणि दक्षिण: बोर्दो, तुलूझ, नांत, ब्रेस्त, मार्सेय.

पैसे परत मागायचा विचार केला, पण स्टीमवर, म्हणजे खेळ विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात, त्यासाठी खरेदीपासून चौदा दिवसांच्या आत यावं लागतं आणि खरेदीनंतर मूळ खेळ दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असावा लागतो. मी तोवर तीन तास चालवून बसलो होतो. चूक माझीच. दुकानातलं नकाशाचं पान उघडलं की खाली शहरांची यादी असते, ती मी वाचलीच नव्हती.

म्हणून नव्याने घेणाऱ्याला माझं पहिलं सांगणं हेच, की आधी मूळ नकाशा नीट फिरा. हा खेळ २०१२ चा आहे, पण चेक कंपनी एससीएस सॉफ्टवेअर जुने भाग हळूहळू नव्याने बांधत असते आणि त्याचे वेगळे पैसे घेत नाही. जर्मनी आणि ऑस्ट्रियाचे मोठे पट्टे असे नवे झाले आहेत. इटलीतलं मिलान, तुरीन, व्हेनिस, व्हेरोना मूळ खेळातच मिळतं. 'इटालिया' घ्यायचा तर रोम, नेपल्स आणि सिसिलीसाठी घ्या, व्हेनिससाठी नको. आणि इंग्लंड सोडू नका. तिथे आपल्यासारखी डावीकडून वाहतूक आहे. उजव्या बाजूला स्टिअरिंग असलेली केबिनही घेता येते. पहिले आठ दिवस मी फक्त तिथेच सुखात होतो, कॅलेच्या पलीकडे गेलो की गोल चौकात हमखास उलट्या बाजूने घुसायचो.

नकाशा निवडताना लोक देश बघतात. मीही बघितला. नऊ महिन्यांनी माझं मत असं झालंय की रस्ता बघावा. खेळात जग एकास एकोणीस प्रमाणात आवळलेलं असतं. म्हणजे पुणे-मुंबई अंतर तिथे जेमतेम आठ किलोमीटर भरेल, ऐंशीच्या वेगाने सहा मिनिटांत संपेल. अशा जगात शहर म्हणजे दोन-चार चौक, एखादी ओळखीची इमारत, एक गॅरेज आणि गोदामं. शहर बघायला गेलात तर हिरमोड होणारच. आपला वेळ जातो दोन शहरांच्या मधे, आणि तिथे कसा रस्ता आहे यावर पैसे वसूल होतात की नाही ते ठरतं.

हे मला फ्रान्सनेच शिकवलं. फ्रान्समध्ये हायवे, टोलनाका, हायवे, टोलनाका, मग गोल चौक, आणखी एक गोल चौक. अणुवीजकेंद्रात माल पोचवायला मिळतो, तो पहिल्यांदा भारी वाटतो. एकूण नकाशा वाईट नाही, पण दिवसभर ऑफिसात बसून आलेल्या माणसाला रात्री साडेनऊला पुन्हा झोप आणणारा आहे.

'स्कँडिनेव्हिया' मात्र माझ्या मते पहिला घ्यावा असा नकाशा. २०१५ चा आहे आणि वय कुठे कुठे दिसतं, तरीही. जर्मनीतून एकतर फेरीने जायचं किंवा डेन्मार्कमधून वर चढून ओरेसुंडच्या पुलावरून स्वीडनमध्ये उतरायचं. जमिनीने आणि पाण्याने दोन्हीकडून वाट मूळ नकाशाला जोडलेली असल्यामुळे दुसरं काही विकत घ्यावं लागत नाही. स्वीडनमध्ये नुसतं जंगल. कंटाळा येतो, पण कानात काहीतरी लावून चालवायला तो कंटाळा उत्तम. खरी मजा नॉर्वेत. ओस्लोहून बर्गनला जाताना दुपदरी रस्ता, डोंगर, बोगदे, एका अंगाला पाणी. एकदा वीस-बावीस टनांचा ट्रेलर घेऊन तिथे उतारावर आलो आणि घाटात आपले ट्रकवाले खालच्या गिअरमध्ये का रांगतात हे बोटांना कळलं. नुसता ब्रेक दाबून भागत नाही, इंजिन ब्रेक आणि रिटार्डर, म्हणजे उतारावर वेग धरून ठेवणारा जादा ब्रेक, लागतो. त्या रात्री आईने दारातून विचारलं, "अरे, झोपतोस का?" मी म्हटलं, "आई, उतार संपू दे." तेव्हापासून ती रोज सकाळी चहा देताना विचारते, "आज कुठे उतरवला माल?"

दुसरा मुद्दा जोडणीचा. प्रत्येक नकाशा सुटा विकत मिळतो, पण भूगोल काही सुटा नसतो. रोमानियाकडे जायचा सरळ रस्ता हंगेरीतून, आणि हंगेरी, स्लोव्हाकिया, पोलंडचा मोठा भाग 'गोइंग ईस्ट'मध्ये. लिथुआनियाला जमिनीने जायचं तर पुन्हा पोलंड. ग्रीसच्या जमिनीवरच्या सगळ्या सीमा अल्बेनिया, उत्तर मॅसेडोनिया, बल्गेरिया आणि तुर्कस्तानशी, म्हणजे त्या वाटा 'वेस्ट बाल्कन्स' किंवा 'रोड टू द ब्लॅक सी'मधून येतात. 'गोइंग ईस्ट' २०१३ चा, सगळ्यांत म्हातारा, आणि एकट्याने घ्यावा असं त्यात मला फारसं काही सापडलं नाही. पण तो दरवाजा आहे. मी तो सेलमध्ये घेतला आणि अजूनही तिथून बहुतेक वेळा न थांबता पुढे निघून जातो.

माझा फ्रान्सचा खर्चही असाच नंतर फळाला आला. स्पेनला रस्त्याने जायचं तर फ्रान्सच्या दक्षिणेतूनच. 'आयबेरिया' २०२१ चा, आणि जुन्या नकाशांवरून थेट त्यात शिरलात की फरक डोळ्यांत भरतो. ऊन वेगळं आहे. मातीचा रंग मैलामैलाला बदलतो, वर गॅलिसियाकडे हिरवं, मधे कोरडं पठार, खाली ऑलिव्हच्या बागा. पठारावर संध्याकाळी गाडी चालवताना मला उगाच सोलापूर रस्ता आठवला. किंमत जास्त असली तरी एकच नकाशा पूर्ण पैसे देऊन घ्यायचा झाला तर मी हाच घेईन.

'रोड टू द ब्लॅक सी' बद्दल लिहायचं तर पान पुरणार नाही. रोमानिया, बल्गेरिया आणि तुर्कस्तानचा युरोपातला भाग, म्हणजे इस्तंबूल. तिथे हायवे संपतो आणि गावं सुरू होतात. रेल्वे फाटक लागतं, गाडी निघून जाईपर्यंत इंजिन चालू ठेवून बसायचं. सीमेवर तपासणीला थांबायचं. वळणावर समोरून बस आली की ट्रेलरचं मागचं चाक कुठे जातंय ते आरशात बघत बसायचं. जर्मनीत पाचशे किलोमीटर जातात तेवढ्या वेळात इथे दोनशेही होत नाहीत, आणि कमाई किलोमीटरवर. तरीही माझे सगळ्यांत जास्त तास इथेच जमा झालेत. माझा एक मित्र याच नकाशावर चिडून आहे. त्याला क्रूझ कंट्रोल लावून गप्पा मारायला आवडतं. त्याच्यासाठी हा नकाशा म्हणजे शिक्षा.

'वेस्ट बाल्कन्स' त्याचाच धाकटा भाऊ, २०२३ चा, जास्त देखणा, डोंगर जास्त. माझ्या सहा वर्षांच्या लॅपटॉपला तो झेपत नाही हा भाग वेगळा. सावल्या कमी केल्या, आरशांचा दर्जा उतरवला, तेव्हा कुठे चालला. कमी ताकदीचं मशीन असेल तर नवे नकाशे घेण्याआधी मूळ खेळातल्या नव्याने बांधलेल्या जर्मन शहरांत पावसात एक फेरी मारा. तिथे अडखळलं तर इथेही अडखळेल.

इटलीबद्दल दोनच वाक्यं: काराराच्या संगमरवराच्या खाणीत एकदा जाच, आणि बाकी सेलमध्ये मिळाला तर घ्या. बाल्टिकचा नकाशा शांत आहे, सपाट आहे, मला लळा लागला नाही. त्यात सेंट पीटर्सबर्ग आहे. रशियाचा स्वतंत्र नकाशा तयार होत होता, पण युक्रेनवरच्या हल्ल्यानंतर २०२२ मध्ये कंपनीने तो थांबवला, त्यामुळे तो कुठे मिळेल हे शोधत बसू नका.

फुकटातलं 'प्रोमॉड्स' घ्या आणि विकतचं सोडा, असं मला दोघांनी सांगितलं. चाहत्यांनी बांधलेला हा नकाशा खरोखर अवाढव्य आहे. पण तो चालायला विकतचे नकाशे आधी असावे लागतात, त्यामुळे बचत वगैरे काही नाही. शिवाय खेळाची नवी आवृत्ती आली की त्याची नवी आवृत्ती येईपर्यंत थांबावं लागतं. मी दोन महिने वापरला आणि काढून टाकला, कारण शनिवारी रात्री फाइली जुळवत बसायचा मला कंटाळा आहे.

खरेदीचं म्हणाल तर एका वेळी एकच घ्या. मी उन्हाळ्याच्या सेलमध्ये हावरटपणे तीन एकदम घेतले आणि महिनाभर कुठलाच धड फिरलो नाही. नवा नकाशा घेतला तरी प्रोफाइल तेच राहतं, पैसे, गॅरेज, नोकरीला ठेवलेले ड्रायव्हर सगळं तसंच, त्यामुळे घाई करायचं कारण नाही. जुने नकाशे सेलमध्ये बरेच उतरतात, नवे कमी. मालाचे आणि रंगांचे पॅक मी एकही घेतलेला नाही आणि अडलेलं नाही.

सध्या माझा ट्रक उत्तर मॅसेडोनियातल्या स्कोप्येच्या गॅरेजात उभा आहे. दक्षिणेला सीमा आहे, तिच्यापलीकडे थेसालोनिकी. 'ग्रीस' विशलिस्टमध्ये टाकून ठेवलाय, या वेळी शहरांची यादी दोनदा वाचून.