गायगर काउंटरचा किट: केळ्यावर नको, पोटॅशवर तपासा

गायगर काउंटर म्हणजे किरणोत्सार मोजणारं यंत्र. हा त्याचा ऑनलाइन मिळणारा, जे३०५ काचनळीचा सुटा किट. कॉलेजात किरणोत्सार दाखवायला चांगला. पडद्यावरचा मायक्रोसिव्हर्टचा आकडा मात्र सोडून द्या. तो गॅमा किरण धरून काढलेला असतो, समोर बीटा (अणूतून सुटणारे इलेक्ट्रॉन) आले की चुकतो. मोजायचे ते मिनिटाचे ठोके, म्हणजे नळीने टिपलेल्या किरणांची संख्या.

केळ्यात पोटॅशियम असतं आणि त्यातला पोटॅशियम-४० हा थोडासा भाग किरणोत्सारी असतो. म्हणून जळगाव-रावेरकडे जो तो आधी केळंच ठेवून बघतो, ठोके वाढत नाहीत आणि यंत्र बिघडलं म्हणतो. यंत्र ठीक असतं. एका केळ्यात सेकंदाला साधारण १५ विघटनं होतात, म्हणजे तितके अणू किरण सोडून बदलतात, आणि त्यांतले बरेच कण गरातच अडकतात. त्यापेक्षा किलोभर म्युरेट ऑफ पोटॅश हे खत घ्या, केळीच्या बागायतदाराकडे ते असतंच. त्यात जवळपास निम्मं वजन पोटॅशियमचं, म्हणजे किलोमागे सेकंदाला पंधराएक हजार विघटनं. पातळ प्लास्टिकच्या पिशवीत बांधून नळीला टेकवा. उघड्यावर खताला ओल सुटते आणि बोर्डावर ४०० व्होल्टच्या आसपास दाब असतो. नुसत्या नळीचे मिनिटाला २५ ठोके येत असतील तर त्यात पाचेक कमीजास्त होणारच. म्हणून आधी १० मिनिटं रिकामी, मग १० मिनिटं खतासह. २५० च्या जागी ३५० आले तर शंका उरत नाही.

आता पॉझिट्रॉन, म्हणजे इलेक्ट्रॉनचा धनभारित जुळा. पोटॅशियम-४० च्या १०० अणूंपैकी ८९ अणू एकेक इलेक्ट्रॉन सोडून कॅल्शियम होतात, उरलेले जवळपास सगळे स्वतःचाच इलेक्ट्रॉन गिळून आरगॉन. पॉझिट्रॉन सोडणारा लाखात एखादा. किलोभर खतात सहा-सात सेकंदांना एक, केळ्यात दोनेक तासांना! तो इलेक्ट्रॉनला भेटला की दोघं नाहीसे होतात आणि ५११ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे दोन गॅमा एकमेकांच्या विरुद्ध दिशेला सुटतात. दवाखान्यातलं पेट स्कॅन हीच जोडी पकडतं. फक्त तिथे फ्लोरिन-१८ असतं, शंभरात ९७ पॉझिट्रॉन देणारं आणि ११० मिनिटांत निम्मं होणारं. या किटला जोडी कळत नाही, त्याच्या लेखी सगळ्यांची एकच 'टक'. त्यासाठी समोरासमोर दोन सिंटिलेशन डिटेक्टर (किरण लागला की चमकणारे) लागतात. अर्धायुष्याचा (निम्मे अणू बदलायला लागणाऱ्या काळाचा) आलेखही पोटॅशवर निघणार नाही, ते १२५ कोटी वर्षं आहे. अल्फा हा तिसरा, जड कणांचा प्रकार तर काच ओलांडतच नाही, त्यामुळे 'सगळे किरण मोजतो' अशी जाहिरात असेल तर ती खोटी.

जोडताना नळीच्या टोकांना थेट सोल्डरचा डाग देऊ नका, काच तडकते, क्लिपच वापरा. धन-ऋण टोकं उलटी लावू नका. उन्हात ठेवलं तर काचनळी उजेडालाही ठोके देते, म्हणून वर काळा पुठ्ठ्याचा डबा. पॉवर बँक नको: किट इतका कमी करंट ओढतो की ती आपोआप बंद पडते. तीन पेन्सिल सेल पुरतात.