सॅट परत देताय? कॉलेज बोर्डाची स्कोअर पाठवायची सोय, डिचोलीच्या एका मावशीचा रिव्ह्यू

सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगते, घाईत असाल तर एवढंच वाचा: सॅटच्या (अमेरिकेतल्या कॉलेजांच्या ॲडमिशनसाठीची परीक्षा, ती कॉलेज बोर्ड ही संस्था घेते) रजिस्ट्रेशनच्या वेळी जे चार फुकटचे स्कोअर रिपोर्ट, म्हणजे कॉलेजला आपला स्कोअर पाठवायची सोय, मिळतात ते स्कोअर बघायच्या आधी कुठेच पाठवू नका. खास करून परीक्षा परत द्यायचा विचार असेल तर.

माझा भाचा म्हापशाला हायर सेकंडरीत सायन्सला आहे. एका बाजूला जेईई, दुसऱ्या बाजूला अमेरिकेतल्या कॉलेजांचे अर्ज, आणि आमच्या घरात असले फॉर्म भरायला नेहमी मीच बसते, त्यामुळे कॉलेज बोर्डाच्या साइटवरचं जवळजवळ प्रत्येक पान मी वाचलंय. मराठीत मला याबद्दल काही सापडलं नाही म्हणून सविस्तर लिहिते.

तर ते चार फुकट रिपोर्ट. परीक्षेला नाव घालताना चार कॉलेजं निवडता येतात, परीक्षेनंतर नऊ दिवसांपर्यंत ती बदलता पण येतात. पण स्कोअर यायला साधारण दोन आठवडे लागतात! म्हणजे फुकटात पाठवायचं तर आपला आकडा किती ते माहीत नसताना पाठवायचं, आणि आकडा बघून पाठवायचं तर प्रत्येक कॉलेजमागे १४-१५ डॉलर, आपले हजार-बाराशेच्या वरच. ही अट मला अजिबात पटलेली नाही. स्कोअर आल्यावर आठवडाभर जरी फुकट ठेवलं असतं तरी मुलांचं केवढं भलं झालं असतं. भाच्याला एका क्लासमध्ये (नाव लिहीत नाही) ठामपणे सांगितलं होतं की चारही नावं भरून टाक, फुकट आहे, सोडायचं कशाला. ताईलाही ते बरोबर वाटलं. मी अडून बसले की आधी नियम वाचूया, आणि वाचल्यावर तिलाच पटलं की चार रिपोर्टचे पैसे वाचवायला न बघितलेला स्कोअर पुढे पाठवण्यात काही अर्थ नाही.

आपल्याकडची मुलं इथे गोंधळतात त्याला कारण आहे. जेईई मेनचं सेशन जानेवारीत आणि एप्रिलमध्ये असतं, दोन्ही दिलीत तर ज्यात एनटीएने, म्हणजे परीक्षा घेणाऱ्या संस्थेने, दिलेला स्कोअर जास्त तोच रँकला धरतात, आपल्याला काही करावं लागत नाही. सॅटला तसं आपोआप होत नाही. कुठल्या तारखेचा स्कोअर कुठल्या कॉलेजला जाणार ते आपण निवडायचं, याला स्कोअर चॉइस म्हणतात आणि त्याचे वेगळे पैसे नाहीत. आपण काहीच निवडलं नाही तर सगळे स्कोअर जातात. आणि काही कॉलेजं, जॉर्जटाउन त्यातलंच, सगळ्या तारखांचे स्कोअर मागतात, तिथे निवडायचा प्रश्नच नाही. म्हणून परत परीक्षा द्यायच्या आधी आपल्या यादीतल्या प्रत्येक कॉलेजच्या ॲडमिशनच्या पानावर जाऊन त्यांचा नियम बघा, क्लासवाल्यांना विचारत बसू नका.

आता सुपरस्कोअर, आणि इथे मला ही सोय खरंच आवडली. बरीच कॉलेजं, अमेरिकेतलं एमआयटी पण, वेगवेगळ्या तारखांमधला प्रत्येक सेक्शनचा चांगला आकडा उचलतात. समजा ऑगस्टला रीडिंग-रायटिंग ६४० आणि मॅथ्स ७७०, एकूण १४१०. ऑक्टोबरला रीडिंग-रायटिंग ७०० झालं पण मॅथ्स ७४० वर आलं, एकूण १४४०. मुलगा म्हणणार ऑगस्टचा कमी आहे, तो नको दाखवायला. पण ७०० आणि ७७० मिळून १४७० होतात, आणि ते कॉलेजला दिसायला दोन्ही तारखा गेल्या पाहिजेत! नुसता एका दिवसाचा मॅथ्सचा स्कोअर वेगळा काढून पाठवता येत नाही, गेला तर त्या दिवसाचा अख्खा जातो. एका कॉलेजच्या एका रिपोर्टमध्ये दोन काय तीन तारखा घातल्या तरी पैसे तेवढेच, हे चांगलं केलंय त्यांनी. यामुळे परत बसताना अभ्यासही नीट वाटून करता येतो, जो सेक्शन कमी पडलाय त्याच्यावरच जोर द्यायचा.

पैसे वाचवायचा दुसरा मार्ग म्हणजे सेल्फ रिपोर्टिंग. पुष्कळ कॉलेजांना अर्जात आपला स्कोअर आपणच टाइप केलेला चालतो, ऑफिशियल रिपोर्ट ॲडमिशन मिळून तिथे जायचं ठरल्यावर मागतात. म्हणजे दहा कॉलेजांना अर्ज केला तरी शेवटी एकाच रिपोर्टचे पैसे. एमआयटीला हे चालतं. कॅलिफोर्नियाच्या सरकारी युनिव्हर्सिटीच्या, म्हणजे यूसीच्या, बर्कली-लॉस एंजेलिससारख्या कॅम्पसमध्ये तर ॲडमिशन देताना सॅट बघतच नाहीत, तिथे स्कोअर पाठवण्यावर पैसे घालवू नका. मात्र ऑफिशियल मागितला की तो कॉलेज बोर्डाकडूनच जायला लागतो, स्क्रीनशॉट किंवा प्रिंट काढून स्कॅन केलेलं ऑफिशियल धरत नाहीत.

नावाचं प्रकरण तर आपल्या लोकांनी फारच सांभाळा. भाच्याच्या पासपोर्टवर मधलं नाव म्हणून वडिलांचं नाव आहे, हायर सेकंडरीच्या कागदांवर ते नाही, आणि आडनाव नाईक, त्याचं इंग्रजी स्पेलिंग एकीकडे आय घालून तर एकीकडे वाय घालून. ॲडमिशन ऑफिसात हजारो स्कोअर येतात, तिथे नाव आणि जन्मतारीख जुळवून स्कोअर अर्जाला जोडतात, जुळलं नाही तर रिपोर्ट पोचूनही अर्जात स्कोअर आला नाही असंच दिसणार. आम्ही अकाउंट उघडतानाच पासपोर्टवर जसं आहे तसंच अक्षरन् अक्षर भरलं, अर्जातही तेच, आणि दुसऱ्यांदा नाव घालताना जुन्याच अकाउंटमधून घातलं. नवीन अकाउंट अजिबात उघडू नका, दोन तारखांचे स्कोअर दोन ठिकाणी पडले की निस्तरता निस्तरता डेडलाइन निघून जाईल.

परत कधी द्यायची? अकरावी संपल्यावर मे-जूनला पहिली, मग ऑगस्ट, आणि लागलीच तर ऑक्टोबर. ऑगस्टची तारीख चतुर्थीच्या आगेमागे येते, घरात माटोळीच्या (गणपतीवर टांगायची फळा-पानांची सजावट) सामानाची गडबड, पाहुणे, त्यात मुलाला एक खोली शांत ठेवून द्या एवढीच विनंती. ऑक्टोबरचा स्कोअर १ नोव्हेंबरच्या अर्ली डेडलाइनच्या (लवकर अर्ज करणाऱ्यांसाठीची शेवटची तारीख) आधी हातात येतो. डिसेंबरपर्यंत खेचू नये असं माझं मत, कारण जानेवारीत जेईई आणि मग बारावीचं बोर्ड डोक्यावर. फी पण कमी नाही, ६८ डॉलर आणि वर अमेरिकेबाहेरच्यांना जास्तीचा चार्ज, शंभराच्या वरच जातं. गरजू मुलांना फी माफ होते पण ती सवलत अमेरिकेतल्या मुलांना आणि बाहेर राहणाऱ्या अमेरिकन नागरिकांना, आपल्या मुलांना नाही. आमच्या गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एखाद्या हुशार मुलाने काय करायचं? याचे मी सरळ स्टार कापते.

जेईईवाल्यांसाठी अजून एक, सॅटमध्ये निगेटिव्ह मार्किंग नाही. आपली मुलं चुकलं तर एक मार्क जाणार या धाकाने प्रश्न सोडायला शिकलेली असतात, ती सवय इथे नुकसान करते, ९८ पैकी एकही प्रश्न कोरा ठेवू नका. भाच्याने पहिल्या प्रॅक्टिस टेस्टला चक्क सात सोडले होते. कॉलेज बोर्डाच्या ब्लूबुक ॲपवर (खरी परीक्षाही लॅपटॉपवर याच ॲपमध्ये द्यायची असते) पूर्ण प्रॅक्टिस टेस्ट फुकट आहेत आणि त्या फार चांगल्या आहेत, खऱ्या परीक्षेसारखाच स्क्रीन, तोच कॅल्क्युलेटर, तेवढाच वेळ, २ तास १४ मिनिटं. मध्येच नेट गेलं तरी परीक्षा चालू राहते, उत्तरं लॅपटॉपवर सेव्ह होतात, शेवटी सबमिट करायला मात्र नेट लागतं. लॅपटॉपची बॅटरी नीट आहे ना ते आधीच बघा.

एकूण पाचपैकी साडेतीन. साइट स्वच्छ आहे, स्कोअर चॉइसचं पान एकदा समजलं की सोपं आहे. अर्धा स्टार नऊ दिवसांच्या अटीसाठी कापला, एक फी माफीसाठी. आणि रिपोर्ट पाठवला की साइटवर तसं दिसतं पण कॉलेजच्या पोर्टलवर यायला अजून काही दिवस जातात, तर डेडलाइनच्या दहा-बारा दिवस तरी आधी पाठवा आणि कॉलेजच्याच पोर्टलवर टिक आलेली बघा. आठवडाभर नाही आली तर ॲडमिशन ऑफिसला सरळ मेल टाका, पूर्ण नाव, जन्मतारीख, अर्जाचा नंबर आणि परीक्षेची तारीख लिहून.