घरच्या आठ इंची डॉब्सोनियनला एन्कोडर : सात महिने वापरल्यानंतर

मृग लागला तसा दोन्ही एन्कोडर काढून डब्यात ठेवले आणि दुर्बिणीवर ताडपत्री टाकली. नोव्हेंबर ते मे असे सात महिने ते जुळे सोलापुरातल्या आमच्या गच्चीवर आणि चार-पाच वेळा नान्नजकडच्या माळावर वापरून झाले आहेत. मी शोधत होतो तेव्हा मराठीत असं कोणी लिहिलेलं मला सापडलं नव्हतं, म्हणून सविस्तर लिहितो. एन्कोडर म्हणजे दुर्बीण किती फिरली ते मोजणारा भाग. त्याचे आकडे फोनवरच्या आकाशनकाशात गेले की दुर्बीण कुठे रोखली आहे ते तिथे दिसतं.

दुर्बीण घरीच बनवलेली. आठ इंची आरसा, एफ ६, म्हणजे नाभीय अंतर १२०० मिमी. पेटी १८ मिमी प्लायची, खालच्या पाटावर सनमायका आणि त्यावर सरकणारे टेफ्लॉनचे तीन तुकडे. नळीच्या दोन्ही बाजूंना पीव्हीसीच्या एंड कॅप, त्यांवर नळी वरखाली फिरते. मोटर नाही, हातानं ढकलायची. जॉन डॉब्सन यांनी ही पद्धत रुजवली ती रस्त्यावरच्या माणसाला आकाश दाखवता यावं म्हणून, आणि तो साधेपणा मला मोडायचा नव्हता. पण गच्चीवरून उत्तरेला सगळा शहराचा उजेड. कन्या राशीतल्या दीर्घिका शोधायच्या तर वाटेत खुणेला धरायला ताराच दिसत नाही. दुसरं कारण घरातलं. अण्णा एकाहत्तर वर्षांचे, मानेच्या मणक्याचा त्रास. मी शोधक दुर्बिणीत मान वाकडी करून अर्धा तास चाचपडायचो आणि ते खुर्चीवर वाट बघत बसायचे. वस्तू सापडेपर्यंत त्यांची झोपायची वेळ व्हायची.

एन्कोडर आकाशातली दिशा ओळखत नाही, दांडा किती फिरला ते फक्त मोजतो. आत चकतीवर बारीक रेघा असतात, दांडा फिरला की प्रकाश अडतो-सुटतो आणि ए आणि बी अशा दोन तारांवर स्पंद येतात. दोन्ही पाव टप्प्यानं मागेपुढे असल्यामुळे कुठल्या बाजूला फिरलं तेही कळतं. मी घेतलेले फेरीला ६०० स्पंदांचे, ६ मिमी दांड्याचे, कारखान्यांत सर्रास वापरतात ते. दोन्ही तारांच्या चढ-उतार कडा धरल्या की फेरीला २४०० पायऱ्या होतात. म्हणजे एक पायरी ९ कलांची. (अंशाचा साठावा भाग म्हणजे कला.) हा आकडा ऐकून बरेच जण नाक मुरडतात आणि गिअर किंवा पट्टा लावून चौपट करा म्हणतात. माझ्या २५ मिमी आयपीसमध्ये (डोळ्याकडच्या भिंगात) ४८ पट वर्धन आणि साधारण एक अंशाचं, म्हणजे ६० कलांचं क्षेत्र (एका वेळी दिसणारं आकाश) मिळतं. त्यात ९ कला म्हणजे काहीच नाही. मी गिअर लावला नाही आणि सात महिन्यांत एकदाही त्याची गरज वाटली नाही.

वायरिंगचं थोडक्यात. लाल ५ व्होल्ट, काळी ग्राउंड, हिरवी ए, पांढरी बी. आउटपुट एनपीएन ओपन कलेक्टर प्रकारचं असल्यामुळे ते तार फक्त खाली ओढतं, वर ओढायला रेझिस्टर आपणच लावायचा. मोजणारा बोर्ड ईएसपी३२. तो ३.३ व्होल्टचा, म्हणून रेझिस्टर ३.३ ला जोडायचे, ५ ला नाही. आणि ए किंवा बी तार चुकूनही थेट लाल तारेला लागू देऊ नका, आतला ट्रान्झिस्टर जळतो. माझ्या दोन संध्याकाळी आणखी एका गोष्टीत गेल्या. या बोर्डाच्या ३४ ते ३९ या पायांना (पिनांना) आतला पुल-अप, म्हणजे तोच वर ओढणारा रेझिस्टर, नसतो. मी तो प्रोग्रॅममधून चालू केलाय असं धरून बसलो आणि दुर्बीण जागची हलली नाही तरी आकडे धावत होते. बाहेरून ४.७ किलोओहमचे चार रेझिस्टर लावले आणि आकडे थांबले. मोजणी बोर्डाच्या हार्डवेअर काउंटरनं केली की दुर्बीण झटक्यात फिरवली तरी पायरी सुटत नाही.

फोनवर स्कायसफारी या आकाशनकाशाच्या ॲपची पैसे भरून घ्यायची प्लस आवृत्ती, बोर्डाशी जोडलेली ब्लूटूथवर. मित्राच्या आयफोनला हे साधं सिरियल ब्लूटूथ चालत नाही, त्याच्यासाठी बोर्डावर वायफाय चालू करावं लागलं. पहिल्या दोन एन्कोडरांपैकी एकाचा बी मार्ग मुळातच मुका होता. विक्रेत्यानं बदलून दिला, पण त्यात तीन आठवडे गेले. हातात आल्याबरोबर टेबलावरच दांडा फिरवून दोन्ही मार्ग तपासून घ्या.

इथपर्यंतचं काम कोणीही आठवडाभरात करील. माझा खरा महिना गेला तो एका बोल्टात.

आडव्या फिरण्याचा एन्कोडर बसतो पेटीच्या मधल्या बोल्टावर. बोल्ट खालच्या पाटाला घट्ट, त्याच्या टोकाला भोक पाडून त्यात एन्कोडरचा दांडा, आणि एन्कोडरचं अंग वरच्या पेटीबरोबर फिरणारं. पहिल्यांदा मी उलटं केलं होतं, अंग खालच्या पाटाला. दोन फेऱ्यांत तार बोल्टाला गुंडाळली आणि प्लग उपटला. अंग आणि बोर्ड दोन्ही पेटीवर ठेवले की तार कुठेच अडकत नाही. अंग स्क्रूनं घट्ट आवळायचंही नाही, नाहीतर दांड्यावर ताण येऊन बेअरिंग खराब होतं. एक पट्टी लावायची, जी अंगाला नुसती गरगर फिरू देत नाही. माझी पट्टी ६० मिमी लांब होती.

नोव्हेंबरच्या शेवटी एका रात्री अभिजित आणि फोमलहॉट या दोन ताऱ्यांवर जुळवणी केली, म्हणजे दुर्बीण एकेकावर रोखून तो कोणता तारा ते ॲपला सांगितलं. पश्चिमेचा एम १५ तारकागुच्छ (एम म्हणजे मेसिएच्या यादीतला) थेट क्षेत्रात. आनंद झाला. मग रोहिणीच्या बाजूला वळून एम १ तेजोमेघ लावला, तर आयपीसमध्ये काहीच नाही. देवयानी दीर्घिका कडेला, कृत्तिका तर पूर्ण अंशभर बाजूला. ताऱ्यांवर पुन्हा जुळवणी केली तरी तेच. जुळवणीच्या ताऱ्यांजवळ बरोबर, लांब गेलं की चूक.

मी तपासणी केली होती. लांबच्या मोबाइल टॉवरच्या दिव्यावर दुर्बीण धरायची, पूर्ण फेरी मारून त्याच दिव्यावर यायचं आणि आकडा बघायचा. सुरुवातीला २३८८ आले, कारण बोल्ट पेटीबरोबर थोडा फिरत होता. दोन्ही बाजूंनी नट आणि स्प्रिंग वॉशर लावल्यावर २४०० आले आणि मी निर्धास्त झालो. चूक तिथंच होती. भोक बोल्टाच्या मध्यावर नसेल तर होणारी चूक अर्ध्या फेरीत वाढते, उरलेल्या अर्ध्यात उतरते आणि फेरी पूर्ण होताना शून्यावर येते. पूर्ण फेरीच्या तपासणीत ती कधीच दिसणार नाही. पाटाच्या कडेला अंशांची कागदी पट्टी चिकटवली (१६ इंची पाटावर एक अंश साडेतीन मिमीचा येतो) आणि दर ३० अंशांना आकडा लिहून आलेख काढला, तेव्हा लाट स्पष्ट दिसली.

एमआयडीसीत पॉवरलूमचे सुटे भाग बनवणारे एक लेथवाले मामा आहेत, त्यांच्याकडे बोल्ट नेला. त्यांनी तो चकमध्ये धरला, डायल लावला आणि म्हणाले, "सर, भोक एक मिलीमीटर बाजूला पाडलंय तुम्ही. हातड्रिलनं असंच होतंय. आणि हा बोल्ट बी बाजारचा, त्याला टर्निंग मारल्याशिवाय गोल म्हणू नका."

एक मिलीमीटर. पट्टी ६० मिमीची, म्हणजे एक भागिले साठ रेडियन, म्हणजेच ५७ कला. माझ्या आयपीसचं जवळपास पूर्ण क्षेत्र. कृत्तिका अंशभर बाजूला का, याचं उत्तर लेथवर उभ्या उभ्या मिळालं. मामांनी १२ मिमीचा नवा बोल्ट टर्निंग करून, त्याच चकमध्ये धरलेला असताना भोक पाडून, ग्रब स्क्रूला आटे पाडून दिले. मी पट्टीही १५० मिमीची केली, कारण पट्टी लांब तितकी उरलीसुरली चूक कमी. म्हणून मी सांगेन की दहा हजार पायऱ्यांचा महागडा एन्कोडर घेण्याआधी त्यातले थोडे पैसे चांगल्या लेथवाल्याला द्या.

वरखाली फिरण्याच्या बाजूला हाच न्याय. एंड कॅप टेफ्लॉनवर टेकून फिरते, त्यामुळे अक्ष म्हणजे त्या वर्तुळाचा मध्य. तो कंपासनं काढला आणि तिथंच दांडा बसवला. इथे पूर्ण फेरी होत नाही, म्हणून नळीवर डिजिटल लेव्हल ठेवून ० ते ९० अंशांत ६०० पायऱ्या होतात का ते पाहिलं. फोनवर नळी उलट्या दिशेला जाताना दिसली तर घाबरू नका, ए आणि बी तारा अदलाबदल करा किंवा पायऱ्यांचा आकडा उणे भरा.

डिसेंबरपासून पुढे दहापैकी आठ-नऊ वस्तू २५ मिमीच्या क्षेत्रात येतात, बहुतेक मध्याजवळ. जुळवणीला मी मध्यम उंचीचे, एकमेकांपासून नव्वद अंशांच्या आसपास असलेले तारे घेतो आणि १० मिमी आयपीसमध्ये, फोकस थोडा बिघडवून, चकती मधोमध आणतो. डोक्यावरचा तारा घेऊ नये, तिथे आडव्या कोनातली मोठी चूकही आयपीसमध्ये दिसत नाही. पाट लेव्हलमध्ये ठेवला की माझ्याकडे फरक पडतो, म्हणून गच्चीवर तीन पायांच्या जागा रंगानं आखून ठेवल्या आहेत.

मार्चमध्ये सिंह राशीतलं त्रिकूट, एम ६५, एम ६६ आणि एनजीसी ३६२८, गच्चीवरून पहिल्यांदा पाहिलं. तिसरी दीर्घिका नजर बाजूला ठेवून जेमतेम जाणवली. तिथे ती आहे हे खात्रीनं माहीत नसतं तर मी दोन मिनिटांत पुढे गेलो असतो. सर्वात मोठा फायदा मला हाच वाटतो. शोधण्यात जाणारा वेळ आता बघण्यात जातो, आणि फिकट वस्तू पाच-सात मिनिटं बघितल्याशिवाय उघडतच नाही. आमच्यातले एक ज्येष्ठ निरीक्षक म्हणतात की यानं आकाश पाठ होत नाही. त्यांचं म्हणणं मला मान्य आहे, म्हणून नान्नजला काळ्या आकाशात मी पहिला तासभर फोन बंद ठेवतो.

मेमध्ये दहाच्या सुमारास नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी गुच्छ दक्षिणेला जेमतेम २५ अंश वर येतो. आमची दक्षिण बाजू त्यातल्या त्यात काळोखी. अण्णांची खुर्ची आधीच मांडून ठेवली, दुर्बीण ढकलली, गुच्छ मधोमध. सगळं मिळून अर्धं मिनिट.

"कुठं लावलीस रे?"

"दक्षिणेला, अण्णा. डोळा लावा नुसता, मान वाकवू नका."

बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "राजगिरा सांडल्यागत दिसतंय की." आणि उठले नाहीत.

तक्रारी आहेत. हे एन्कोडर बंद झाले की सगळं विसरतात, त्यामुळे पॉवर बँकची तार निघाली तर जुळवणी पहिल्यापासून. हे माझ्याकडे तीनदा झालं. आता तार पेटीला क्लिपनं आवळली आहे. फोनचा पडदा लाल केला तरी काळोखाला सरावलेल्या डोळ्याला तो जास्तच उजळ, वर लाल जिलेटीन लावावा लागतो. थेट डोक्यावरच्या दहा-बारा अंशांत दुर्बीण ढकलणं पूर्वीइतकंच अवघड आहे. तिथली वस्तू मी ती कलेपर्यंत थांबून बघतो. आणि नळीत तोल नसेल तर वजनदार आयपीस लावताना नळी खाली जाते, एन्कोडर ते इमानानं मोजतो, पण तेवढ्यात वस्तू गेलेली असते. एन्कोडरच्या आधी तोल दुरुस्त करा.

तुमच्या दुर्बिणीला मोठे अर्धगोल बेअरिंग असतील, ज्यांचा मध्य हवेत येतो, तर वरखालीच्या एन्कोडरसाठी वेगळा हात उभारावा लागेल. ते काम मी केलेलं नाही. बोल्टाचं मोजमाप, बोर्डाचा प्रोग्रॅम आणि तीस-तीस अंशांचा तो आलेख ज्यांना हवा असेल त्यांनी कळवा, पाठवतो. दसऱ्यापर्यंत आभाळ उघडेल, त्याआधी बोल्टाला तेल देऊन एंड कॅपचं टेफ्लॉन बदलायचं आहे.